फुफाट्यातली ऊब

'आगीतून फुफाट्यात' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. फुफाटा म्हणजे काय हे मात्र आता समजावून सांगावे लागते. चुलीतला जाळ विझतो, निखाऱ्यांवर करड्या राखेचा थर बसतो, वरून सगळे शांत दिसते. पण त्या राखेच्या पोटात धग शिल्लक असते. ती तापलेली राख म्हणजे फुफाटा. नकळत पाय पडला तर माणूस पोळतो, म्हणून आपल्या भाषेने फुफाट्याला संकटाच्या यादीत बसवले. मांजराने मात्र हजारो वर्षे हाच फुफाटा आपले अंथरूण मानला.

पाळीव जनावरांच्या इतिहासाची टिपणे काढण्याचा छंद मला बरीच वर्षे आहे. बैल, घोडा आणि कुत्रा यांच्याविषयी वाचायला पुष्कळ मिळते. मांजराविषयी लिहिणारे बहुधा तीन गोष्टी सांगतात: उंदीर, प्राचीन इजिप्तमधला देवीचा मान आणि युरोपातला चेटुकविद्येचा संशय. हिवाळ्याच्या रात्री मांजर कुठे झोपत होते, आणि म्हातारे झाल्यावर त्याच्या उबेची काळजी कोण घेत होते, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. कायद्याच्या पोथ्या, कविता, म्हणी आणि एका कादंबरीकाराचे छोटे टिपण यांतून त्यांची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी सापडतात. ते तुकडे इथे जुळवून पाहतो.

उष्ण मुलखातला जीव

आधी मांजराचे मूळ पाहू. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात जगभरातल्या रानमांजरांच्या आणि घरमांजरांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या घरातली मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. हा रुक्ष आणि उष्ण मुलखातला प्राणी. माणसाशी त्याची सोबतही जुनी आहे. सायप्रस बेटावरच्या शिलुरोकाम्बोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या पुरलेल्या सांगाड्याजवळ, हातभर अंतरावर, एका मांजराचा सांगाडा सापडला. ते मांजर सुमारे आठ महिन्यांचे होते. हा शोध २००४ साली जाहीर झाला.

पुढे मांजर थंड देशांत गेले, पण शरीराची मागणी उष्ण मुलखाचीच राहिली. स्वतःचे तापमान टिकवण्यासाठी मांजराला जादा शक्ती खर्च करावी लागू नये, तर भोवतालची हवा ३० ते ३८ अंश सेल्सिअस असावी लागते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ च्या पोषणविषयक ग्रंथात हाच पल्ला दिला आहे. आपल्याला सुखद वाटणारी २४-२५ अंशांची खोली मांजराच्या हिशेबात थंडच असते. तरुण मांजर ही तूट अन्न, स्नायू आणि चरबी यांच्या बळावर भरून काढते. म्हातारपणी स्नायू झडतात, चरबी उतरते, मूत्रपिंडे थकतात, सांधे आखडतात. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासणारी एक अमेरिकन पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. अशा मांजराला ऊब तर जास्त लागते, आणि ती शोधत उड्या मारण्याची ताकद मात्र कमी झालेली असते.

तेव्हा मांजर चुलीपाशी का आले याचे निम्मे उत्तर उंदरांत आहे आणि निम्मे राखेत. धान्य होते म्हणून उंदीर आले, उंदीर होते म्हणून मांजर आले, हे खरेच. पण रात्र पडल्यावर ते कोठारातून स्वयंपाकघरात आले ते धगीसाठी.

वेल्समधला भाव

ही जवळीक युरोपात थेट कायद्याच्या भाषेत नोंदलेली आहे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ, ओला आणि थंड प्रदेश आहे. तिथले जुने कायदे दहाव्या शतकातल्या हिवेल द्दा या राजाच्या नावाने ओळखले जातात. त्यांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोथ्या तेराव्या शतकातल्या आहेत. शेतकऱ्यांच्या समाजाचे हे कायदे असल्याने गाय, घोडा, डुक्कर, मधमाश्यांचे पोळे अशा प्रत्येक गोष्टीचा भाव त्यांत ठरवून दिला आहे. मांजराचाही आहे. जन्मल्यापासून डोळे उघडेपर्यंत एक पेनी. डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारेपर्यंत दोन पेन्स. उंदीर मारू लागले की चार पेन्स. राजाच्या कोठाराची राखण करणारे मांजर कोणी मारले तर दंड निराळा: मेलेले मांजर शेपटीने टांगायचे, डोके जमिनीला टेकवायचे आणि शेपटीचे टोक झाकेपर्यंत त्याच्यावर गहू ओतायचे. तेवढा गहू गुन्हेगाराने द्यायचा.

विकलेल्या मांजरात कोणते गुण असले पाहिजेत, हेही हे कायदे सांगतात. त्याने पाहावे, ऐकावे, उंदीर मारावेत, नख्या शाबूत असाव्यात, पिल्ले खाऊ नयेत. काही संहितांत आणखी एक अट आहे: मांजराच्या अंगावर आगीच्या खुणा नसाव्यात.

ही अट वाचली की सातशे वर्षांपूर्वीचे एक वेल्श घर डोळ्यांसमोर उभे राहते. घराच्या मध्यावर उघडी आगटी, भोवती माणसे आणि राखेच्या काठाशी मांजर. ठिणगी उडून केस जळालेली मांजरे बाजारात इतकी नेहमीची असणार, की कायद्याला त्यांचा विचार करावा लागला. मांजराच्या कातड्यालाही त्या काळी किंमत होती, आणि करपलेले कातडे कवडीमोल. मला आणखी एक कारण संभवते. आगीच्या खुणा म्हणजे सतत आगीपाशी पडून राहणारे मांजर, म्हणजेच शिकार न करणारे. हा माझा तर्क आहे. पोथ्या कारण देत नाहीत.

त्याच काळातल्या ख्रिस्ती उपदेशकांच्या दृष्टांतांत या खुणांचा उलटा उपयोगही दिसतो. भटकणारे मांजर घरी राहावे म्हणून त्याची लव मुद्दाम करपवावी, असे त्यांत सांगितले जाई. कातडे सुंदर असले की मांजर मिरवायला बाहेर पडते आणि चोरांच्या हाती लागते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या बाथच्या बाईच्या तोंडी हाच दृष्टांत घातला आहे. उपदेशकांचा रोख मांजरावर नव्हता, नटणाऱ्या बायकांवर होता. पोळले मात्र मांजर.

वेल्श कायद्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती त्यात नसलेली गोष्ट. भावाच्या पायऱ्या तीन: जन्म, डोळे, उंदीर. चौथी पायरी नाही. दृष्टी गेली, नख्या झिजल्या, उंदीर निसटू लागले की मांजर अपेक्षित गुणांतून उतरले. विकलेल्या मांजरात असा दोष निघाला तर काही संहितांनुसार किमतीचा तिसरा हिस्सा परत करायचा. म्हातारे मांजर या कायद्याला ठाऊकच नाही. ते समाजात नव्हते असे नाही. १२४० च्या सुमारास बार्थोलोमियस अँग्लिकस या फ्रान्सिस्कन भिक्षूने रचलेल्या ज्ञानकोशात तरुणपणी चपळ आणि खेळकर असणारे मांजर म्हातारपणी जड आणि झोपाळू होते, असे वर्णन आहे. म्हणजे पाहणाऱ्याला ते दिसत होते. भाव ठरवणाऱ्याला दिसत नव्हते.

लू यूचे कर्ज

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मांजराचा हिशेब वेगळ्या वहीत मांडत होता. लू यू (११२५-१२१०) हा चीनच्या दक्षिण सोंग काळातला मोठा कवी. उत्तर चीन शत्रूने जिंकलेला, तो परत मिळवावा ही त्याची आयुष्यभराची तळमळ. दरबाराला ती मानवली नाही. उतारवयात तो शानयिन या आपल्या गावी, म्हणजे आजच्या शाओशिंग परिसरात, जाऊन राहिला. तिथे त्याने मांजरांवर अनेक कविता लिहिल्या.

त्यांतल्या एका कवितेत तो मांजर घरी आणल्याची हकिकत सांगतो. त्या काळच्या चीनमध्ये मांजर नेताना मोबदला म्हणून मीठ देण्याची पद्धत होती. लू यूनेही मीठ बांधून नेले आणि मांजर आणले. त्या मांजराने त्याच्या पुस्तकांचे उंदरांपासून रक्षण केले. पण कवितेचा शेवट खजील आहे. आपले घर गरीब, कामगिरीच्या मानाने बक्षीस अगदी तोकडे; थंडीत मांजराला बसायला लोकरीचे जाजम नाही आणि जेवायला मासळी नाही, याची आपल्याला लाज वाटते, असा त्याचा आशय आहे.

वेल्श कायद्याच्या शेजारी ही कविता ठेवली की फरक लगेच कळतो. दोन्हींकडे मांजराच्या कामाचा हिशेब आहे. कायद्याने मांजराची किंमत काढली. कवीने मांजराचे देणे काढले, आणि त्या देण्यात उबदार बैठक स्पष्टपणे मोजली. माझ्या वाचनात आलेल्या जुन्या साहित्यात 'मांजराला थंडीत ऊब द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही' अशी इतकी सरळ कबुली दुसरी नाही.

११९२ च्या हिवाळ्यातल्या एका वादळी रात्री त्याने दोन छोट्या कविता लिहिल्या. वयाची पासष्टी उलटलेली, बाहेर वारा आणि पाऊस. दुसऱ्या कवितेत तो गोठलेल्या नद्यांवरून चिलखती घोड्यांवर स्वार झाल्याचे स्वप्न पाहतो. ती आजही चिनी शाळांत पाठ करून घेतली जाते. पहिली कमी प्रसिद्ध आहे. तिच्यात मऊ जळणारी लाकडे, उबदार लोकरी जाजम, आणि घराबाहेर पाऊल न टाकणारे दोघे जण आहेत: कवी आणि त्याचे मांजर. इथे ऊब वाटून घेतलेली आहे. म्हातारा माणूस आणि मांजर एकाच विस्तवाचे वाटेकरी झाले आहेत.

राखेतली मांजरे

वाटून घेतलेल्या उबेची ही चैन बहुतेक घरांत नव्हती. मांजराच्या वाट्याला यायची ती उरलेली ऊब. ही गोष्ट आपल्याकडच्या चुलीवरून चांगली समजते.

मातीच्या चुलीतले निखारे रात्री राखेखाली झाकून ठेवत. सकाळी फुंकणीने फुंकले की विस्तव पुन्हा जागा होई. काडेपेटीचा खर्च वाचे. विस्तव राखायचा तो राखेने. राख आणि राखणे हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या रक्षेकडेच जातात. माझी आजी निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी पहाटे चूल पेटवण्याआधी लाकडाच्या टोकाने आतली राख हलकेच चाळवत असे. मला वाटे, ती निखारा शोधते. ती म्हणायची, "आधी मांजर बघावं, मग विस्तव." वैलाच्या तोंडाशी अंगाचे वेटोळे करून पडलेले मांजर अंग झाडत बाहेर येई आणि मग घराचा दिवस सुरू होई. नाशिककडच्या थंडीत, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात त्या रात्री, सगळ्या घरात तेवढीच एक कोमट जागा असे.

शेजारच्या तेलुगू भाषेत याच दृश्याची म्हण झाली आहे. 'चुलीतले मांजर उठलेले नाही' असे तिथे म्हणतात. अर्थ असा, की घरात शिजवायला काही नाही, चूल पेटलेली नाही, म्हणून मांजराला उठवायची वेळच आली नाही. गरिबी इतक्या मोजक्या शब्दांत सांगणाऱ्या म्हणी थोड्या असतील. तिच्यातली दुसरी बाजूही पाहावी. त्या घरात मांजर निवांत आहे खरे, पण विस्तव पेटला नाही तर उद्या राखही थंड असणार. घराची चूल विझली की मांजराची ऊबही एका दिवसाच्या उसनवारीवर चालते.

आणि हेच दृश्य जपानमध्ये कवितेत शिरले. शिरीष पै यांच्यामुळे हायकू हा प्रकार मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. जपानी हायकूत ऋतू सुचवणारे ठरावीक शब्द असतात. हिवाळ्याच्या शब्दांत एक आहे 'कामादोनेको'. कामादो म्हणजे चूल, नेको म्हणजे मांजर. तोमियासु फुसेई (१८८५-१९७९) या कवीच्या हायकूमुळे तो शब्द ऋतुशब्दांच्या यादीत रूढ झाला. चुलीच्या राखेत झोपून अंग करडे झालेले मांजर दिसले की जपानी वाचकाला वेगळा हिवाळा सांगावा लागत नाही. तेलुगूत जे दारिद्र्य आहे, ते जपानीत ऋतू आहे. मांजर दोन्हीकडे तेच.

राखेत झोपणाऱ्या मांजराला समाज काय मानतो, हेही एका जपानी लेखकाने लिहून ठेवले आहे. मियाझावा केन्जी (१८९६-१९३३) हा उत्तर जपानच्या इवाते या थंड प्रांतातला. 'मांजरांची कचेरी' ही त्याची गोष्ट १९२६ साली प्रसिद्ध झाली. ही कचेरी मांजरांच्या इतिहास-भूगोलाची माहिती देते. माझ्यासारख्याला तिथे नोकरी करावीशी वाटली असती. तिथला चौथा कारकून चुलीतले मांजर आहे. ऐन उन्हाळ्यात जन्मल्यामुळे त्याची कातडी पातळ, म्हणून त्याला रात्री चुलीत झोपावे लागते, आणि त्यामुळे नाक-कान काजळीने काळे. बाकीचे कारकून त्याला हिणवतात. चारचौघांसारखे व्हावे म्हणून तो खिडकीबाहेर झोपून पाहतो. पण मध्यरात्री थंडीने शिंका सुरू होतात आणि तो पुन्हा चुलीत शिरतो. एकदा आजारपणामुळे त्याची एक दिवसाची गैरहजेरी होते. परत येतो तेव्हा त्याची वही दुसऱ्याकडे गेलेली असते आणि कोणी त्याच्याशी बोलत नाही. दिवसभर तो रडत बसतो. शेवटी एक सिंह येऊन ती कचेरीच बरखास्त करतो.

केन्जीने गोष्ट माणसांबद्दल लिहिली, हे उघड आहे. पण तिचा पाया शरीराच्या साध्या सत्यावर आहे. कोणाला थंडी जास्त वाजते हा त्याचा दोष नसतो, आणि ज्याला ती जास्त वाजते त्याला मिळेल त्या उबेची किंमत काजळी लावून मोजावी लागते.

नात्सुमे सोसेकीचे मांजर

या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा केन्जीच्या गोष्टीच्या सतरा वर्षे आधीचा आहे. नात्सुमे सोसेकी (१८६७-१९१६) हा आधुनिक जपानी कादंबरीचा एक शिल्पकार. १९०४ साली त्याच्या घरात मांजराचे एक भटके पिल्लू शिरले. हाकलले तरी ते परत परत आले. पुढच्याच वर्षी 'मी एक मांजर आहे' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि त्या बिननावाच्या मांजराने सोसेकीला नावलौकिक मिळवून दिला. कादंबरीच्या आरंभीच मांजर आपल्या झोपण्याच्या जागा सांगते: सकाळी भाताच्या झाकलेल्या लाकडी भांड्यावर, रात्री कोतात्सूवर, ऊन असेल तर दुपारी ओसरीत. कोतात्सू म्हणजे खाली विस्तव आणि वर दुलई घातलेली बैठी चौकट. तिन्ही जागा उबेच्या आहेत.

१९०८ च्या सप्टेंबरात ते मांजर गेले. सोसेकीने काळ्या चौकटीची पत्रे लिहून शिष्यांना ही वार्ता कळवली. हा किस्सा गमतीने नेहमी सांगितला जातो. पण पुढच्या वर्षी त्याने 'मांजराची कबर' हे लहानसे टिपण लिहिले, त्यात गंमत फारशी नाही.

नव्या घरी राहायला आल्यावर मांजर रोडावत गेले, असे तो सांगतो. मुलांशी खेळेना. ऊन पडले की ओसरीत निजून राही. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. घरच्यांना काळजी होती ती बैठकीच्या गाद्यांची. एका रात्री ते मुलांच्या अंथरुणाच्या पायथ्याशी पोटावर पडून गुरगुरू लागले. काहीतरी बिनसले आहे, हे एकट्या सोसेकीच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी ते घरातल्या आगटीच्या काठावर बसून दिवसभर कण्हत होते. चहा ओतायला, किटली उचलायला लोकांना चमत्कारिक वाटत होते. रात्र झाली आणि सोसेकी व त्याची बायको दोघेही मांजराला साफ विसरून गेले. त्याच रात्री ते मेले. सकाळी मोलकरीण मागच्या कोठीत लाकडे आणायला गेली, तेव्हा ते एका जुन्या चुलीवर ताठ होऊन पडलेले होते.

हे टिपण बहुतेकांनी सोसेकीच्या अलिप्तपणाचा किंवा पश्चात्तापाचा नमुना म्हणून वाचले आहे. मी ते नकाशासारखे वाचतो. ओसरीतले ऊन, मुलांची दुलई, आगटीचा काठ आणि शेवटी अडगळीतली चूल: आजारी मांजर घरभर ऊब शोधत फिरत होते. दरवेळी ते मागच्या जागेवरून पुढच्या जागेवर गेले, आणि अखेरची जागा अशी चूल होती जी केव्हाच पेटत नव्हती. ती राखेची जागा आहे एवढे त्याला ठाऊक होते. ती विझली आहे हे ठरवणे त्याच्या हातात नव्हते.

ते मांजर वयाने म्हातारे नव्हते. चारच वर्षांचे होते. पण खंगलेल्या शरीराची गरज वयावर ठरत नाही. सोसेकीने उपेक्षा लपवली नाही, हे त्याचे मोठेपण. मरण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना मांजर एकदम महत्त्वाचे वाटू लागले, हेही तो लिहितो. त्याच्या स्मृतिदिनी बायको न चुकता एक फोड साल्मन मासा आणि सुकट घातलेला वाटीभर भात ठेवत असे. मात्र हळूहळू तो नैवेद्य कबरीपर्यंत न जाता दिवाणखान्यातल्या कपाटावरच ठेवला जाऊ लागला.

चूल गेल्यानंतर

वेल्श कायद्यातल्या त्या करपलेल्या खुणांचे शारीरिक उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. डॅन केन्शालो या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात मांजरांच्या त्वचेला उष्णता कितपत कळते, याचे प्रयोग केले. नाक आणि ओठ यांच्या आसपास मांजराला तापमानातला अगदी सूक्ष्म फरक कळतो. अंगाच्या इतर भागांवर मात्र उष्णता ५० अंशांच्या पुढे जाईपर्यंत ते टाळाटाळ करत नाही. माणसाला ४४-४५ अंशांना वेदना होऊ लागते. म्हणजे आपण ज्या पृष्ठभागावरून हात झटकन काढून घेऊ, तिथे मांजर सुखाने पडून राहते आणि भाजते. जाड लव वरून करपेपर्यंत आतल्या कातडीचे दुखणे त्याला उमगत नाही. फुफाटा त्याला प्रिय आहे आणि फुफाट्यापासून स्वतःला वाचवण्याची बुद्धी निसर्गाने त्याला पुरेशी दिलेली नाही.

दरम्यान फुफाटाच नाहीसा झाला. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे शहरी घरांत रुळला. १९६० च्या दशकापासून गॅसच्या टाक्या आल्या. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने त्या खेड्यापाड्यांत पोहोचवल्या. धुराने खोकणाऱ्या बायकांची त्यातून सुटका झाली, आणि कोणीही शहाणा माणूस ती चूल परत मागणार नाही. पण गॅसला राख नसते. बटण फिरवले की विस्तव संपतो, मागे काही उरत नाही. स्वयंपाक झाल्यावर रात्रभर टिकणारी, कोणाच्याही मालकीची नसलेली ती उरलेली ऊब घरातून गेली. मांजराने नवी ठिकाणे शोधली: सेट टॉप बॉक्स, फ्रिजची मागची बाजू, नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीचे इंजिन. शेवटची जागा जीवघेणी आहे, म्हणून थंडीच्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारलेल्या बऱ्या. माझ्या आजीच्या लाकडाने राख चाळवण्याचेच ते नवे रूप.

उरलेली ऊब संपली, तेव्हा म्हाताऱ्या मांजराची ऊब ही माणसाने जाणून करायची गोष्ट झाली. माझ्या घरातली मनी सतराव्या वर्षात आहे. तिच्यासाठी मी टोपलीत गोधडी घालतो तेव्हा शेजारच्या काकू कौतुकाने आणि थोड्या चेष्टेने म्हणतात, "भाऊ, आता वय झालं तिचं. उंदीर तरी धरते का?" काकूंचा प्रश्न हिवेल द्दाच्या कायद्यातला आहे. भावाच्या तीनच पायऱ्या त्यांनाही ठाऊक आहेत, आणि पोट भरण्याच्या धबडग्यात घर चालवलेल्या कोणालाही त्या तशाच ठाऊक असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मनीने पंधरा वर्षे माझ्या कागदांची आणि दप्तरांची राखण केली. लू यूच्या पुस्तकांची त्याच्या मांजराने केली तशीच. देणे माझ्याकडे आहे.

ते देणे फेडायचे कसे, हे वरच्या इतिहासातूनच निघते. पहिली गोष्ट, जागा जमिनीपासून वर असावी, वाऱ्याच्या झोताबाहेर असावी, आणि तिथे उडी न मारता चढता यावे. आखडलेल्या सांध्यांना एखादी पायरी किंवा बुटका पाट पुरतो. लोकरीचे कापड किंवा गोधडी घातलेले खोके अथवा टोपली उत्तम, कारण ती ऊब मांजराच्या स्वतःच्या अंगाची असते आणि ती कधी पोळत नाही. दुसरी गोष्ट, बाहेरची ऊब द्यायची तर ती अंथरुणाच्या निम्म्या भागापुरतीच असावी, म्हणजे नको वाटले की सरकायला जागा राहते. रबरी पिशवीत उकळते पाणी घालू नये. गरम पाणी घालून, बूच तपासून, पिशवी जाड कापडाच्या दोन घड्यांत गुंडाळावी. विजेची गादी असेल तर सर्वांत कमी तापमानावर, वर जाड कापड घालून, आणि वायर चावली जाणार नाही अशी ठेवावी. आपल्या हाताला सुखद लागणारी धगसुद्धा हलता न येणाऱ्या जिवाच्या एकाच कुशीला रात्रभर लागली तर भाजते, म्हणून अधूनमधून पाहावे. उठता न येणाऱ्या मांजराला तापलेल्या वस्तूशी एकटे सोडूच नये.

तिसरी गोष्ट कोळशाच्या शेगडीची. बंद खोलीत शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि तो माणूस व मांजर यांत भेद करत नाही. शेगडी पूर्णपणे टाळावी. चौथी गोष्ट साधी आहे: पाण्याचे भांडे आणि मातीचा ट्रे अंथरुणाजवळ असावेत. थंडीत म्हातारे मांजर पाण्यासाठी लांब जायचे टाळते, आणि थकलेल्या मूत्रपिंडांना पाणीच सर्वांत जास्त लागते. आणि ते अचानक खाईना, रोडावू लागले, किंवा सतत उबेलाच चिकटून बसू लागले, तर त्याला नुसती थंडी वाजते असे समजू नये. जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे. सोसेकीचे मांजर आगटीच्या काठावर कण्हत होते तेव्हा ते थंडीची तक्रार करत नव्हते, आजाराची करत होते.

मांजराच्या इतिहासात त्याला मिळालेली ऊब बहुतेक काळ कोणी दिलेली नव्हती. ती राहून गेलेली होती. राखेत उरली म्हणून मिळाली, उन्हात सापडली म्हणून मिळाली, आणि विझली त्या रात्री मिळाली नाही. लू यूने ती देणे म्हणून लिहिली, पण त्याच्या घरात जाजम नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज एखादी जुनी शाल तरी आहे. वेल्सच्या पोथीत जन्म, डोळे आणि उंदीर या तीन नोंदींच्या खाली चौथी नोंद करायला कोणी आडकाठी केलेली नाही, आणि तिचा खर्च त्या शालीपेक्षा जास्त नाही.